'गणपती झाले की बघू' : त्वचेच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात या चुका टाळा

तात्या पाय दाखवायला आले ते शिमगा उरकल्यावर. आदल्या भातलावणीच्या वेळी जखम रुपयाएवढी होती. 'गणपती झाले की बघू' म्हणाले. गणपती झाले तर कापणी आली, मग घरातलं लग्न, मग पालखी. तीस वर्षांपूर्वी भाजावळ करताना, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळताना, त्यांची पोटरी भाजली होती. जखम त्या जुन्या व्रणावरच उगवली होती आणि आमच्याकडे आली तेव्हा तळहाताएवढी झाली होती. रुपयाएवढी असताना जे काम जागा बधिर करून तासाभरात आटोपलं असतं, त्याला आता भूल, मांडीची कातडी आणि कितीतरी दिवसांचं अंथरूण लागलं.

रत्नागिरी जिल्ह्यात सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून मी बावीस वर्षं काढली. या आजारात माणसं ऑपरेशनला घाबरतात, पण नुकसान होतं ते बहुतेक वेळा सुरीच्या आधी किंवा नंतर. म्हणून हे लिहिते आहे.

'हा गोऱ्यांचा आजार, आपल्याला कुठला?'

आपल्या सावळ्या कातडीला हा कॅन्सर कमी होतो हे खरं. पण होतो तेव्हा भलत्याच ठिकाणी होतो. तळपायावर काळा डाग, अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ, जुन्या भाजल्याच्या व्रणावर न भरणारी जखम. कमरेवरसुद्धा. परकराची नाडी किंवा धोतराची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी काचते, तिथली कातडी आधी काळी पडते, मग खरबरीत होते, मग चिघळते. धोतराखालच्या या कॅन्सरची नोंद मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच केली होती. बायका कमरेचं दाखवायला लाजतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. नाडी रोज थोडी वर-खाली बांधा, आणि चार आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम दाखवा.

नखाखालच्या काळ्या डागाचं उत्तर ठरलेलं असतं, 'ठेच लागली होती.' लागलीही असेल. पण ठेचेचं साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं. डाग तिथेच राहिला, रुंदावला किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला तर थांबू नका.

बिब्बा, चुना, घोड्याचा केस

चामखीळ समजून तीळ बिब्ब्याने जाळणं, चुना-सोडा लावणं, केसाने आवळून तोडणं अजून चालू आहे. वरचा भाग गळून पडतो, घरात समाधान होतं, आणि मुळाशी असलेलं खाली वाढत राहतं. भाजलेल्या कातडीतून नंतर तुकडा घेतला तरी तपासणाऱ्याला नीट वाचता येत नाही. काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं बियांच्या तेलाने काळी पडतात ती गोष्ट वेगळी. तो काळेपणा काम थांबलं की उतरतो.

काढलेला तुकडा तपासायला न पाठवणं

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. माझ्या आतेच्या टाचेवरचा तीळ एका छोट्या दवाखान्यात जाळून काढला. तुकडाच उरला नाही, तेव्हा तपासणार काय? दीड वर्षाने जांघेत गाठ आली. पायाला जखम असली की जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, येतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत, तेव्हा घरच्यांनी अवधाणच म्हटलं. ते अवधाण नव्हतं.

त्वचेच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार तीन. बेसल सेल सावकाश वाढतो, लांब सहसा पसरत नाही, पण नाक-पापणी कुरतडत जातो. स्क्वेमस सेल, म्हणजे तात्यांचा, जवळच्या, म्हणजे जांघेतल्या किंवा काखेतल्या, गाठींपर्यंत जाऊ शकतो. मेलानोमा सगळ्यांत घातक. कुठला आहे हे डोळ्यांनी पक्कं ठरत नाही, तुकड्यावरून ठरतं. मेलानोमात तर कातडीत तो किती मिलिमीटर खोल गेलाय यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. खोली एक मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतीची एक सेंटिमीटर चांगली कातडी काढतात, दोनपेक्षा जास्त असेल तर दोन सेंटिमीटर. जाळून टाकलं की ही खोली मोजता येत नाही.

'एवढ्याशा डागाला एवढं मोठं कापलं' ही तक्रार म्हणूनच बरोबर नाही. आंब्याला डाग पडला तर आपणही डागाच्या काठाने कापत नाही, चांगला भाग थोडा घेऊनच कापतो. रिपोर्टात 'मार्जिन', म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडा, कॅन्सरपासून मोकळी आहेत का, हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. मोकळी नसतील तर पुन्हा थोडं कापावं लागतं. ती कोणाची चूक असेलच असं नाही, कारण कॅन्सरची मुळं डोळ्यांना दिसत नाहीत.

आणि 'सुरी लागली की पसरतो' हे मनातून काढून टाका. तुकडा तपासल्याने हा कॅन्सर पसरत नाही. उशीर केल्याने पसरतो.

ऑपरेशनच्या आधी लपवाछपवी

मिश्री, तंबाखू, विडी जे काही असेल ते सांगा, आणि त्या दिवसापासून बंद करा. तंबाखूने कातडीचा रक्तपुरवठा आक्रसतो आणि लावलेली कातडी धरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या शेजाऱ्याच्या सल्ल्याने बंद करू नका. साखर तपासून या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद ऑपरेशनच्या आधी द्यायचे असतात. रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला आधीच भेटा.

लहान ऑपरेशनात सुई टोचताना थोडा वेळ चुणचुण होते. मग ओढल्यासारखं कळतं, दुखत नाही. बरीच माणसं त्याच दिवशी घरी जातात.

पट्टी 'जरा बघायला' उघडणं

मांडीची पातळ कातडी सोलून जखमेवर बसवतात, तिला ग्राफ्ट म्हणतात. पहिले काही दिवस तिला खालच्या मांसातून रक्त मिळवायचं असतं. भाताचं रोप लावल्यावर कोणी उपटून मूळ धरलं का बघत नाही, तसंच हे. पट्टी साधारण पाचव्या दिवशी डॉक्टरच उघडतील. तोवर पाय उशीवर उंच, आणि चालणं सांगतील तेवढंच. तात्या तिसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन आले आणि ग्राफ्टचा एक कोपरा गेला.

कातडी काढलेली मांडी मूळ जखमेपेक्षा जास्त दुखते. हे आधी कोणी सांगत नाही म्हणून माणसं घाबरतात. ती भरायला साधारण दोन आठवडे लागतात.

टाके चेहऱ्यावरचे पाच ते सात दिवसांत निघतात, पाठीचे आणि पायाचे दहा ते चौदा. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं नाही. त्याच आठवड्यात नारळाचं ओझं किंवा होडी ओढणं नको. पावसात चिखलात उतरणं तर नकोच. हळद, राख, पाला काही लावू नका. खोबरेल तेल पूर्ण भरल्यावर, व्रण मऊ राहण्यासाठी, डॉक्टरांना विचारून.

रक्त आलं तर स्वच्छ कापड घट्ट दाबून घड्याळ लावून वीस मिनिटं धरा, मधे उचलून बघू नका. तरी थांबलं नाही तर निघा. नाका-कपाळाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळे सुजतात, काळे-निळे होतात, ते ओसरतं. भोवतीचा बधिरपणा काही महिने राहू शकतो. पण ताप, वास, पू, वाढत जाणारा ठणका किंवा ग्राफ्ट काळी पडून उचलली जाणं, यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

रिपोर्ट न आणणं, तारीख चुकवणं

जखम भरली की माणसं फिरकत नाहीत. रिपोर्ट मात्र टाके निघाल्यावरही येतो, आणि गाठींची तपासणी, शेक (किरणांचे उपचार) किंवा दुसरं ऑपरेशन लागणार का हे त्यातच असतं. सिंधुदुर्गातले गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात जातात, आमच्याकडचे डेरवणच्या रुग्णालयात किंवा मुंबईला टाटात. कुठेही जा, पण मूळ रिपोर्ट, तुकड्याची काचेवरची स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या, नुसती डिस्चार्जची चिठ्ठी पुरत नाही. कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आपल्याकडच्या पावसात फाईल कुजते.

पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात. मधल्या काळात महिन्यातून एकदा व्रण, तळपाय, नखं, जांघ आणि काख घरच्या माणसाकडून बघून घ्या. तारीख लावणीत किंवा गणपतीत येत असेल तर चिठ्ठी लिहितानाच तसं सांगा. आठवडाभर पुढे-मागे करून मिळते. तात्यांनी या वर्षी तसंच केलं, चतुर्थीच्या आधीच्या सोमवारी येऊन गेले.