नळी आधी, औषध मागाहून

आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलं पहिल्याच दिवशी औषधाचं नाव घेतात. कुणाला एनजीएफ घालायचं असतं, कुणाला टॅक्रोलिमस; दोन्ही चेतातंतूंच्या वाढीला चालना देणारी. मी स्वतः फार्मसीतून आलेली, त्यामुळे हा ओढा मला कळतो. तरीही सांगते: तुटलेल्या नर्व्हची दोन टोकं जोडणारी नळी बनवायला बसलात, की सुरुवातीला औषधाची बाटली फ्रीजरमध्येच राहू द्या.

सगळ्यात आधी त्या दोन टोकांमधलं अंतर ठरवा. काचेने किंवा मांजाने बोटाची नर्व्ह कापली आणि दोन्ही टोकं ताण न पडता जुळत असतील, तर सर्जन ती थेट शिवतात. तिथे आपलं काही काम नाही. अंतर मोठं असेल तर पायातली सुरल नर्व्ह काढून मध्ये जोडतात. आजही सगळ्यांत भरवशाचा उपाय तोच, फक्त त्याची किंमत म्हणून पावलाची बाहेरची कड बधिर होते. नळीची जागा या दोन्हींच्या मधली. कोलॅजेनच्या आणि पीजीए या शरीरात विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या रिकाम्या नळ्या दोन दशकांहून जास्त काळ वापरात आहेत, मुख्यतः बोटांच्या संवेदना वाहणाऱ्या बारीक नर्व्हसाठी, आणि ३ सेंटिमीटरच्या पुढे त्यांच्यावर विसंबत नाहीत. औषध भरलेली नळी अजून रोजच्या शस्त्रक्रियेत आलेली नाही.

उंदराच्या मांडीतल्या सायटिक नर्व्हमध्ये हे गणित वेगळं आहे आणि गोची इथेच होते. १० मिलिमीटरचं अंतर उंदीर साध्या सिलिकॉनच्या नळीतूनही भरून काढतो. स्वीडनच्या गोरान लुंडबोर्ग यांनी १९८०च्या दशकात ते दाखवून दिलं. दोन्ही टोकांतून द्रव पाझरतो, पहिल्या आठवड्यात त्यात फायब्रिनचा दोर तयार होतो, त्यावरून श्वान पेशी (चेतातंतूंना आवरण आणि आधार देणाऱ्या) सरकतात आणि त्यांच्यामागून चेतातंतू. १५ मिलिमीटरला मात्र रिकामी नळी बहुतेकदा हात टेकते. म्हणून १० मिलिमीटरवर ‘आमच्या औषधाने नर्व्ह जोडली’ असं कुणी म्हणालं, की मी आधी रिकाम्या नळीचा गट कुठे आहे ते विचारते.

आता नळी. आम्ही कायटोसान वापरतो, कोळंबीच्या टरफलांपासून निघणारं. २ टक्के अॅसेटिक अॅसिडमध्ये रात्रभर ढवळून विरघळवा, कापडातून गाळा आणि बुडबुडे पूर्ण जाईपर्यंत थांबा. घाई केलीत तर प्रत्येक बुडबुडा भिंतीत भोक होऊन बसतो. मग दीड ते दोन मिलिमीटर जाडीची गुळगुळीत स्टीलची सळई त्यात बुडवायची, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थिजवायची, पुन्हा बुडवायची. पुरेशी जाडी आली की धुण्याचं पाणी उदासीन होईपर्यंत धुवा. भिंत पक्की करायला जेनिपिन चांगलं; नळी गडद निळी होते, घाबरू नका.

सुकी नळी सुंदर दिसते, पण मोजायची ती ओली. ३७ अंशांच्या बफरमध्ये (शरीरातल्या द्रवासारख्या क्षारांच्या द्रावणात) एक दिवस ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतलं भोक पुन्हा मोजा. कायटोसान फुगतं, भोक आवळतं, आणि आतली नर्व्ह दाबली गेली तर औषध काय करणार? नळी वाकवूनही पाहा. सांध्याजवळ ती मुडपून चालत नाही. त्यानंतर एखाद्या हँड सर्जनच्या हातात द्या आणि ९-० च्या, म्हणजे केसाहून बारीक, नायलॉनचा टाका घालायला सांगा. कड फाटली तर ते जे बोलतील ते मुकाट्याने लिहून घ्या. आतलं टोक दिसत नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार, आणि आमची निळी नळी त्यात नापास होते.

मग औषध. एनजीएफ हे प्रथिन. शरीरात मोकळं सोडलं तर फार लवकर नाहीसं होतं, म्हणून त्याला पीएलजीए या हळूहळू विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांत किंवा हेपरिनला बांधून ठेवतात. ते जेनिपिनच्या आधी घालू नका. जेनिपिन कायटोसानचे अमाइन गट पकडतं तसे प्रथिनाचेही पकडतं. निर्जंतुकीकरणही आधीच उरकून घ्या: ऑटोक्लेव्हच्या गरम वाफेत प्रथिन टिकत नाही आणि गॅमा किरणांनीही बिघडतं. प्रथिन शेवटी, निर्जंतुक हूडमध्येच. टॅक्रोलिमस त्या मानाने गुणी. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे गोळीत नीट बसतं. मुळात ते प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. तोंडाने दिलं तर साऱ्या शरीराला त्याचा त्रास, म्हणून तर ते नळीत हवं.

औषध नळीतून किती दिवस सुटत राहावं? पहिल्या २४ तासांत निम्मं बाहेर पडलं तर ते वाया गेलं, कारण तेव्हा नळीत चेतातंतू पोचलेलेच नसतात. उंदरासाठी मी साधारण चार आठवडे धरते. पण फार जास्त, फार काळ हेही नको. जीडीएनएफ या अशाच दुसऱ्या प्रथिनाच्या बाबतीत दिसलंय की चेतातंतू जिथे ते भरपूर मिळतं तिथेच घुटमळतात, मिठाईच्या दुकानासमोर अडलेल्या पोरासारखे, आणि पुढे स्नायूपर्यंत जातच नाहीत. बफरमध्ये औषध सुटण्याचा आलेख सरळ आला म्हणून खूश होऊ नका. एलायझा ही चाचणी प्रथिन किती आहे ते मोजते, ते काम करतंय का ते सांगत नाही. त्यासाठी सुटलेला द्रव पीसी१२ या एनजीएफला प्रतिसाद देणाऱ्या पेशींवर घालून त्यांना शेपट्या फुटतात का ते बघा.

प्राण्यांवर जाण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागतेच. गट ठेवा: रिकामी नळी, औषधाविना गोळ्या असलेली नळी, औषधाची नळी आणि उंदराच्या स्वतःच्याच नर्व्हचा कापलेला तुकडा उलटा करून शिवलेला गट. शेवटच्या गटाला हरवल्याचा दावा करायची घाई नको. बधिर झालेली बोटं उंदीर कुरतडतात आणि मग चाल किती सुधारली ते सांगणारा, पायाच्या ठशांवरून काढायचा सायटिक निर्देशांक निरुपयोगी होतो. म्हणून स्नायूचा विद्युत प्रतिसाद आणि पोटरीच्या स्नायूचं वजनही घ्या.

ठसे मोजणाऱ्याला कुठल्या उंदरात कुठली नळी आहे ते कळता कामा नये. आमच्याकडे पिंजऱ्यांवर फक्त आकडे असतात. त्यांची यादी प्राणिगृह सांभाळणाऱ्या काकांच्या कपाटात, आणि शेवटचं मोजमाप होईपर्यंत ते ती मलाही देत नाहीत.