मंद आचेवरचं मटण सँडविच : या चुका टाळा

"कुकरला लावलं तर चालेल ना?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. रस्सा करायचा असेल तर खुशाल लावा. पावात भरायचं मटण मात्र कुकरचं काम नाही, यावर मी ठाम आहे.

मागच्या उन्हाळ्यात नागपुरात मानेवाड्याला बहिणीकडे भाच्याने मित्रांना जेवायला बोलावलं होतं. खाटकाकडून मांडीचं, बिनहाडाचं, चरबी काढलेलं मटण आणलं. जास्त पैसे मोजले म्हणजे माल चांगला, हा त्याचा हिशोब. मोठ्या आचेवर शिट्ट्यांवर शिट्ट्या काढल्या आणि वाफ जिरायच्या आधीच शिटी उचलून प्रेशर सोडलं. पहिल्याच घासाला पावातून अख्खा तुकडा बाहेर ओढला गेला. पोरं नुसती चावत बसली. "मावशी, शिजलं तर आहे, मग तुटत काऊन नाही?"

कारण या कामाला लागतं ते मांसच नव्हतं. मटणातलं चिवट कोलॅजन साधारण 70 अंशांच्या पुढे हळूहळू विरघळतं, त्याचं जिलेटिन होतं आणि मांसाचे धागे त्यात माखून सुटतात. मांडीत ते कमी. त्यात कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, धागे आवळतात, होता तो रस पिळून बाहेर पडतो. नशिबाने कुकरातलं पाणी त्याने फेकलं नव्हतं. मी मटण धाग्यांच्या आडवं बारीक चिरलं, ते पाणी आटवून त्यात घोळवलं, तेव्हा कुठे जेवणं झाली.

म्हणून खांदा किंवा नळी मागा, हाडासकट, मोठे तुकडे. आदल्या रात्री मीठ चोळा. दुसऱ्या दिवशी पुसून कोरडं करून तुपात खरपूस परता. ओलं मटण परतलं की भाजलं न जाता उकडतं. मग जाड बुडाच्या पातेल्यात, निम्मं बुडेल एवढ्याच पाण्यात, झाकण ठेवून तीन-साडेतीन तास. पाण्याला अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, खळखळ उकळू नये. बोकड जून असेल तर आणखी वेळ द्या. घड्याळाकडे बघू नका, हाड ओढून बघा. ते अलगद हातात आलं म्हणजे झालं.

कच्च्या पपईचा शॉर्टकट नको. वरचा थर गिळगिळीत होतो आणि आत चिवट राहतं.

दुसरी खास आपल्याकडची चूक म्हणजे सावजी मसाला आणि भरपूर तर्री. तर्री भाकरीसोबत हवी, पोह्यांवर हवी. पावात ती कोपरापर्यंत ओघळते आणि पावाचा लगदा होतो. वाटलेला मसाला सुरुवातीलाच घातला तर इतके तास शिजून बुडाला लागतो, कडवट होतो. मी आधी फक्त खडा मसाला, दगडफूल आणि कांदा घालते. मटण कोमट असतानाच हाताने सोडवते. गार झालं की ते नीट सुटत नाही. उरलेलं पाणी गाळून, वरची चरबी वाटीत काढून, चमच्याला चिकटेल इतकं आटवते. वाटलेला मसाला तेव्हा पडतो, तोही बेताने. मग मटण त्यात घोळवायचं. काढलेल्या चरबीत पावाच्या आतल्या बाजू तव्यावर कुरकुरीत भाजायच्या. ही पायरी गाळणारे पुढे पावाला नावं ठेवतात.

मऊ गोड बन घेऊ नका, बेकरीचा घट्ट पाव घ्या. कच्चा कांदा, लिंबू, कोथिंबीर पुरे. चीज आणि मेयोनीजने चार तासांची मेहनत झाकली जाते.

उरलेलं मटण रात्रभर ओट्यावर ठेवू नका. नागपूरच्या 45 अंशांत तर तासाभरात फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे. खोल पातेल्यात ते आतून लवकर निवत नाही, म्हणून पसरट थाळीत काढा आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना चांगली वाफ येऊ द्या.