तरुण पॉइंटर रानलाव्यांचा थवा उडवत असेल तर

टेक्सासमधले रानटी बॉबव्हाइट लावे पाळलेल्या लाव्यांसारखे दबून राहत नाहीत; कुत्रा फार जवळ गेला की अख्खा थवा उडतो. वर्षभराच्या पॉइंटरने (वास लागताच पक्ष्याच्या दिशेने थबकून उभा राहणारा शिकारी कुत्रा) असा थवा उडवला तर ओरडू नका, पण बार मुळीच काढू नका. पक्षी पडला, की धावत सुटणं फायद्याचं असतं हेच तो शिकतो. वारा तोंडावर घेऊन शोधू द्या, म्हणजे वास लांबूनच लागेल. गळपट्ट्याला ८-९ मीटरची दोरी बांधून मागे घसटत राहू द्या. तो थबकला की तुम्ही बाजूने वळसा घेऊन पुढे जा. थेट मागून आलात तर तरुण कुत्रा हमखास पुढे सरकतो. विखुरलेल्या एकट्यादुकट्या पक्ष्यांमागे लगेच नेऊ नका. नुकत्याच उतरलेल्या लाव्याचा वास फार कमी सुटतो, १५-२० मिनिटं थांबा.