एआयकडून इंग्रजी शिकताय? या चुका टाळा

आमचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचा धंदा. बाहेरच्या गिऱ्हाइकांचे मेल यायला लागले, तसा मीही फोनमधल्या चॅटबॉटकडे इंग्रजी शिकायला बसलो. पहिल्याच आठवड्यात घोटाळा.

मराठीत बोलायचं आणि तयार इंग्रजी उचलायचं, ही माझी सवय. त्यानं 'चादर'चं 'बेडशीट' केलं, मी तसंच धाडलं. समोरून प्रश्न: गादीचं माप काय? आता आपली सोलापुरी चादर म्हणजे जाड, पांघरायची; पलंगाचं माप कशाला बे! शेंगाचटणीचंही तेच. नुसतं 'शेंगा' म्हटलं तर त्याला कुठलीही शेंग चालते, 'शेंगदाणे' सांगावं लागतं. तेव्हापासून आधी माझं मोडकंतोडकं इंग्रजी लिहितो, वस्तू कशाला वापरतात तेही लिहितो, मगच दाखवतो.

दुसरी चूक जास्त फसवी. गप्पा मारताना तो तुमच्या चुका आपणहून काढेलच असं नाही. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणालो, तर खूश होऊन भावांची चौकशी करू लागला! तिथं 'आय हॅव' हवं होतं. गप्पा सुरू करतानाच बजावा: प्रत्येक उत्तराआधी माझं वाक्य दुरुस्त कर, कारण मराठीत सांग, एका वेळी तीनच चुका. मध्येच विसरला तर पुन्हा बजावा.

उच्चाराचं वेगळंच. बोललेलं बरोबर टाइप झालं म्हणजे उच्चार बरोबर, असं धरू नका. मागचे-पुढचे शब्द बघून तो अंदाज बांधतो. बनियनचा 'वेस्ट' आणि पश्चिमेचा 'वेस्ट' मराठीत लिहायला एकच. बनियनला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, पश्चिमेला ओठांचा चंबू करा, दात लावू नका. वाक्यात नको, सुटा शब्द म्हणा आणि काय उमटतं ते बघा. आणि हो, माग चालू असताना हे करू नका. त्या खडखडाटात माणसाला ऐकू येत नाही, माइकला काय येणार?

राहिली स्ट्रीक, म्हणजे शिकायच्या ॲपमधला सलग दिवसांचा आकडा. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत माझी 90 दिवसांची तुटली. तोवर रात्री पावणेबाराला तेच सोपे धडे उरकत होतो, आकडा जाऊ नये म्हणून. आता नोटिफिकेशन बंद केलंय. रोज गिऱ्हाइकाचा एक खरा मेल घेतो आणि उत्तर स्वतः लिहितो. नाव आणि दर खोडून मगच चॅटबॉटला दाखवतो.