साध्या फिल्म कॅमेऱ्याने पाण्याखालचे फोटो: या चुका टाळा

मालवण-तारकर्लीला स्नॉर्केलिंगसाठी जाताना फोनऐवजी पाण्यात चालणारा साधा फिल्म कॅमेरा नेणारे पुन्हा दिसू लागले आहेत. मग रोल धुऊन येतो आणि बऱ्याच फोटोंत नुसता हिरवा गढूळपणा! खापर कॅमेऱ्यावर फुटतं. पण या कॅमेऱ्यात शटर, अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत सोडणारं छिद्र), फोकस यांतलं काहीच बदलता येत नाही. तुमच्या हातात उरतं ते फिल्म, अंतर आणि ऊन, आणि चुकाही तिथेच होतात.

स्वस्त म्हणून आयएसओ २०० ची फिल्म भरणं

फुजीफिल्मचा क्विकस्नॅप वॉटरप्रूफ किंवा कोडॅकचा स्पोर्ट अशा एकदाच वापरायच्या कॅमेऱ्यांत आयएसओ ८०० ची फिल्म भरलेलीच असते (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा). चूक होते ती पुन्हा रोल भरता येणाऱ्या प्लास्टिकच्या कॅमेऱ्यांत. घरात पडलेला २०० चा रोल त्यात जातो आणि फोटो काळवंडतात.

हिशोब सोपा आहे. क्विकस्नॅपचं शटर १/१२५ सेकंद आणि अ‍ॅपर्चर एफ/१०. कडक उन्हात, जमिनीवर, ८०० च्या फिल्मला हे गरजेपेक्षा चार स्टॉपहून थोडं जास्तच होतं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्ह फिल्म तेवढा जादा प्रकाश पचवते, आणि पाण्यात हीच शिल्लक कामी येते. स्वच्छ पाण्यातसुद्धा डोकं बुडताच एक-दीड स्टॉप जातो, तीन मीटरवर साधारण दोन, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या गढुळलेल्या पाण्यात त्याहून जास्त. २०० ची फिल्म म्हणजे दोन स्टॉप होडीतच गमावणं. ४०० ची चालते, पण ऐन दुपारी आणि पृष्ठभागालगतच. शिवाय रोल देताना लॅबला एक स्टॉप पुश करायला, म्हणजे फिल्म जास्त वेळ डेव्हलप करून फोटो उजळ करायला, सांगावं. स्लाइड फिल्म (निगेटिव्हऐवजी थेट सरळ रंगांचं चित्र देणारी) अशा कॅमेऱ्यात घालूच नये. तिला एवढी चूकभूल सोसत नाही.

मला स्वतःला मालवणच्या हिरवट पाण्यासाठी कृष्णधवल फिल्म जास्त पटते. इलफर्ड एचपी५ ४०० ची असली तरी दोन स्टॉप पुश केली की चांगली टिकते. पुशमुळे वाढणारा कॉन्ट्रास्ट इथे हवाच असतो, कारण पाणी सगळं सपाट करून टाकतं.

फार जवळ जाणं

‘जवळ जा’ हा सल्ला सगळे देतात आणि एरवी तो बरोबरच आहे. मध्ये पाणी जितकं कमी, तितके तरंगणारे कण कमी. पण या कॅमेऱ्यांचा फोकस एक मीटरपासून पुढे ठरवून दिलेला असतो. त्यात वक्रीभवनामुळे सपाट काचेतून वस्तू पाऊण अंतरावरच आहे असं दिसतं, तुम्हालाही आणि लेन्सलाही. मीटरभरावरचा मासा लेन्सच्या लेखी पाऊण मीटरवर आला, म्हणजे फोकस गेला. खरं अंतर निदान साडेचार फूट हवं, आणि पाणी गढूळ असेल तर सहा फुटांच्या पुढे जाऊ नये.

हे अंतर पाण्यात मोजायचं कसं? दोघांनी समोरासमोर हात पूर्ण ताणून बोटांची टोकं टेकवायची. चेहऱ्यापासून चेहऱ्यापर्यंत साधारण साडेचार फूट होतात. होडीवर एकदा करून बघा, पाण्यात अंदाज चुकत नाही.

एवढ्या अंतरावरून फ्रेममध्ये सव्वा मीटरहून थोडी कमी रुंदी येते. म्हणजे वीतभर मासा ठिपक्याएवढा दिसणार. त्याच्यामागे रोल घालवू नका. सोबतचा माणूस, माशांचा थवा, खडकाची कड यांचे फोटो घ्या. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात बिस्किटं किंवा पाव टाकायला तर कुणालाच सांगू नका. तो त्यांचा आहार नाही, आणि त्या चुऱ्याने लेन्ससमोरचं पाणीही खराब होतं.

खोलीचा आकडा आणि ऊन

बॉक्सवर लिहिलेले १० किंवा १५ मीटर म्हणजे पाणी आत शिरणार नाही याची मर्यादा, फोटो येण्याची नव्हे. फ्लॅश नसल्याने तीन मीटरच्या आतच राहा. लाल रंग सगळ्यात आधी जातो. पाच मीटरवर लाल पोशाख मातकट दिसतो, पिवळा मात्र टिकतो. वेळ दहा ते दोनची, ऊन पाठीमागून. पावसाळ्यानंतर लगेच पाणी निवळलेलं नसतं, डिसेंबर-जानेवारी बरा. होडीवाल्याला त्या दिवशीचं पाणी विचारून मगच रोल सुरू करा.

फोटो बिघडले असतील तर

गोल धूसर डाग असतील तर काचेवर बुडबुडे होते. पाण्यात शिरल्यावर पुढची काच बोटाने पुसायची. सगळंच फरकटलेलं असेल तर शटरचा खटका झटक्यात ओढला गेला आहे. तो सावकाश दाबा, पाय न हलवता. माणूस कडेला कापला गेला असेल, तर व्ह्यूफाइंडर लेन्सपासून बाजूला आहे हे विसरलात. दाणेदार, मातकट काळा म्हणजे प्रकाश कमी पडला. केसभर धूसरपणा सगळ्या फ्रेममध्ये असेल तर वेगळ्या कव्हरच्या कॅमेऱ्यात आत वाफ धरली होती: रोल कोरड्या खोलीत भरा, सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि रबरी रिंगवर वाळूचा कण किंवा केस नाही ना, हे बघून कव्हर रिकामंच बादलीत बुडवून तपासा.

रंग फार हिरवा आला तर आधी लॅबला स्कॅन पुन्हा करायला सांगा, दुरुस्ती न केलेली टिफ फाइल मागा. निगेटिव्हमध्ये बहुतेकदा स्कॅनपेक्षा जास्त रंग असतो.

विमानाने जाणार असाल तर ८०० चा रोल चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका. हातात ठेवा आणि स्कॅनरमधून न घालता हाताने तपासायची विनंती करा. परत आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळू द्या आणि रोल लवकर धुवायला टाका.