कर्णबधिर माणसासोबत दवाखान्यात जाताना

डॉक्टर चांगली दोन मिनिटं बोलतात. सोबत आलेली बहीण त्यातलं हातांनी एवढंच सांगते: 'विशेष काही नाही, गोळ्या घ्यायच्यात.' भाऊ मान डोलावतो, झाली तपासणी! म्हणून सोबत जाणाऱ्याने आधी एक ठरवून टाकावं: आपण दुभाषी व्हायचं नाही, दुभाष्याची सोय करायची. घरचं माणूस वाईट बातमी गाळतं, आणि खाजगी प्रश्न त्याच्यादेखत विचारलेच जात नाहीत. लहान मुलांना तर या कामाला मुळीच जुंपू नका.

अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की पेशंट सांकेतिक भाषा वापरतो, दुभाषी हवा आणि वेळ जास्त ठेवा. कोणती सांकेतिक भाषा, तेही सांगा. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये बोलतात इंग्रजीच, पण तिथल्या सांकेतिक भाषा पार वेगळ्या. कुरकुर झालीच, तर संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क कराराचा दाखला द्या. त्याच्या नवव्या कलमात व्यावसायिक सांकेतिक भाषा दुभाष्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. माणूस मिळत नसेल तर व्हिडिओ कॉलवरचा दुभाषी चालतो, फक्त फोनच्या टीचभर पडद्यावर नको.

'ओठ वाचेल की!' असं हमखास ऐकायला मिळतं. आरशासमोर आवाज न काढता 'ताप' म्हणा, मग 'दाब' म्हणा. दिसला फरक? त्यात तोंडावर मास्क असला की सगळंच संपलं. कागदावर लिहून दाखवणं नाव-तारखांपुरतं ठीक. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा हातांची असते, लिखित भाषा दुसरी.

आत गेल्यावर दुभाष्याला डॉक्टरांच्या शेजारी बसवा, म्हणजे पेशंटला दोघंही एका नजरेत दिसतात. डॉक्टरांच्या पाठीमागे खिडकी असेल तर पडदा ओढा, नाहीतर चेहरा काळा दिसतो. डॉक्टरांनी पेशंटकडे बघूनच बोलावं. 'त्याला विचारा, कुठे दुखतंय' नाही, 'तुम्हाला कुठे दुखतंय?' रिपोर्ट दाखवताना बोलू नये. आधी बघू द्यावं, मग बोलावं. डोळे एका वेळी एकाच जागी असतात.

दाखल व्हायची वेळ आली तर सलाईनची सुई कोणत्या हाताला लावायची, हे नर्सशी आधी बोलून घ्या. ज्या हाताने माणूस मुख्यतः खुणा करतो तो शक्यतो मोकळा हवा. एमआरआयच्या बोगद्यात 'श्वास रोखा' ऐकू येणार नाही, त्यामुळे पायाला हलकं दाबणं किंवा दिवा लावणं अशी खूण आधीच ठरवा. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असेल तर ते तपासणी ठरवतानाच सांगा. भूल देण्यापूर्वीचं सगळं बोलणं चष्मा काढायच्या आत उरकावं.

निघण्यापूर्वी 'समजलं ना?' असं विचारू नका, मान तर कोणीही हलवतं. 'गोळी केव्हा, किती आणि त्रास झाला तर काय करणार?' हे पेशंटने स्वतः करून दाखवावं. चुकलं तर दुभाष्याला जाऊ देऊ नका, डॉक्टरांना पुन्हा सांगायला लावा.