समुद्री टाकीसाठी वाळूचा जाड थर: टाकीत नको, शेजारच्या बादलीत

खाऱ्या पाण्याच्या मासे-प्रवाळांच्या टाकीत नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी तयार होणारा क्षार) चढायला लागलं की पाणी बदलून बदलून जीव मेटाकुटीला येतो. वाळूचा जाड थर हाच भार हलका करतो. वाळूत काही सेंटिमीटर खाली प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू मग नायट्रेटमधलाच प्राणवायू वापरतात. उरलेला नायट्रोजन वायू पाण्यातून हवेत निघून जातो.

हा थर मुख्य टाकीत मात्र मी घालत नाही. वाळू उकरणारे मासे तो उपसून टाकतात, आणि काही वर्षांनी त्यात गाळ साठला की सगळे खडक, प्रवाळ बाहेर काढून टाकी मोडावी लागते. म्हणून तो शेजारच्या बादलीत घालतो आणि टाकीचं पाणी तिच्यातून फिरवतो; बादली नुसती सुटी करून उचलता येते.

साधारण २० लिटरची, खाद्यपदार्थांसाठी चालणारी नवी कोरी बादली घ्या. रंगाची रिकामी बादली कितीही धुतली तरी नको. प्लास्टिक अपारदर्शक हवं, झाकण हवं; आत उजेड शिरला की शेवाळ धरतं. काठाच्या जरा खाली समोरासमोर दोन भोकं पाडून टँक निपल (भिंतीतून नळी जोडायचा जोड) बसवा: पाणी आत यायला अर्धा इंची, बाहेर जायला सव्वा इंची. बाहेरची वाट मोठी नसेल तर बादली भरून वाहील आणि पाणी थेट फरशीवर येईल. बादली सम्पपेक्षा (मुख्य टाकीला जोडलेल्या, गाळणी-पंप ठेवायच्या खालच्या टाकीपेक्षा) उंच ठेवा, म्हणजे पाणी आपोआप सम्पमध्ये उतरेल. जागा भक्कम निवडा; भरल्यावर वजन ३० किलोच्या वर जातं.

वाळू बारीक हवी, साखरेच्या दाण्याहून बारीक. अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची वाळू) उत्तम. समुद्रकिनाऱ्यावरची उचलून आणू नका, तिच्यात तेल, कचरा काय असेल सांगता येत नाही. गढूळपणा जाईपर्यंत धुवा. मग बादलीत आधी थोडं मिठाचं पाणी घ्या आणि त्यात ओंजळीओंजळीने वाळू सोडा. कोरड्या वाळूवर पाणी ओतलं तर मध्ये हवा अडकते. २५ सेंटिमीटर थर झाला की थांबा. वर आठेक सेंटिमीटर पाणी राहायला हवं.

आता बादलीत पाणी ढकलणारा पंप. ताशी हजारेक लिटर पाणी वाळूवरून वेगाने गेलं पाहिजे, म्हणजे घाण तिथे बसत नाही. आत येणाऱ्या नळीला एल्बो (काटकोनी जोड) लावून तोंड बादलीच्या भिंतीकडे वळवा. पाणी गोल फिरतं, वाळूत खड्डा पडत नाही. पंपाआधी फिल्टर सॉक (गाळणीची कापडी पिशवी) असू द्या. पहिल्या दिवशीचं गढूळ पाणी सम्पमध्ये न सोडता वेगळ्या पिंपात काढा.

यानंतर हात आवरा. वाळू ढवळायची नाही, काठीने टोचायची नाही. तळाशी सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असू शकतो. दर आठवड्याला टाकीतलं आणि बादलीतून बाहेर पडणारं, दोन्ही पाण्यांतलं नायट्रेट तपासा. फरक दिसायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात.

वीज बरेच तास गेली तर बादलीतल्या पाण्यातला प्राणवायू संपतो. वीज आल्यावर पंप लगेच सुरू होऊ देऊ नका. वाळूवरचं पाणी हळूच काढून फेका, नवं मिठाचं पाणी भरा, मगच पंप लावा.